मदत हवी आहे : आमच्या सोरोरिटीतल्या गेलेल्या मैत्रिणींची यादी कशी करायची?

नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत असते, कॉलेजात असताना सोरोरिटीत, म्हणजे तिथल्या मुलींच्या संघटनेत होते (सदस्य एकमेकींना बहिणी म्हणतात) आणि आता आमच्या अॅलम्नी चॅप्टरचं, म्हणजे माजी सदस्यांच्या शाखेचं काम बघते. यंदा फाउंडर्स डेला, म्हणजे स्थापना दिनाला, ज्या बहिणी आता नाहीत त्यांची नावं वाचायची असं ठरलंय. मोठ्या संस्थांमध्ये हे किती मनापासून करतात बघा, १९०८ साली हॉवर्ड युनिव्हर्सिटीत सुरू झालेल्या अल्फा कप्पा अल्फामध्ये गेलेल्या सदस्येला ‘आयव्ही बियॉन्ड द वॉल’ म्हणतात, आणि तिथलीच १९१३ची डेल्टा सिग्मा थीटा, त्यांच्याकडे अशा बहिणींचा चॅप्टर म्हणजे ‘ओमेगा ओमेगा’. मला हे फार आवडतं, गेली तरी ती चॅप्टरमध्येच असते.

आमच्याकडे जुन्या बॅचेसचे कंपोझिट फोटो आहेत, ओळीने अंडाकृती चेहरे आणि खाली माहेरची नावं. अडचण तीच आहे, लग्नानंतर आडनाव बदललं, गाव बदललं, आता शोधायचं कसं? इथल्या शोकसंदेशात बऱ्याचदा माहेरचं आडनाव आणि सोरोरिटीचं नावही देतात, त्यामुळे तिथून थोड्या सापडल्या, पण बाकीच्यांचं काय?

तुमच्यापैकी कुणी शाळेच्या किंवा हॉस्टेलच्या माजी विद्यार्थिनींची यादी केलीय का? ज्या आहेत त्यांचे पत्ते अपडेट कसे ठेवता, दर बॅचला एक जबाबदार मैत्रीण नेमून की वर्षातून एकदा गूगल फॉर्म पाठवून? आणि नाव वाचण्याआधी घरच्यांना विचारता का? मला वाटतं विचारावंच, पण फोनवर सुरुवात कशी करायची तेवढं सांगा प्लीज.