मदत हवी आहे: जुन्या इकोस्पोर्ट १.० इकोबूस्टमध्ये नेमकं कोणतं इंजिन ऑइल घालावं?

नमस्कार मंडळी,

वडिलांची २०१४ सालची फोर्ड इकोस्पोर्ट आता मी वापरतो. पेट्रोल, १.० लिटर इकोबूस्ट, तीन सिलिंडर, टर्बो. राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडीला. म्हणजे रोज चांदणी चौकातून पुढे रखडत जायचं आणि जमेल तेव्हा ताम्हिणीतून कोकणात उतरायचं. गाडी ओढीला अजूनही मस्त आहे. ऑइल बदलायला आलंय आणि तिथेच अडलोय.

आमच्या गॅरेजवाल्या काकांचं म्हणणं, "गाडीला दहा वर्षं होऊन गेली, त्यात पुण्याचा उन्हाळा. इतकं पातळ ऑइल कशाला? १५डब्ल्यू-४० टाकू, इंजिन शांत चालेल." काका कामाला चोख आहेत, घरातल्या आधीच्या गाड्याही त्यांनीच सांभाळल्या, त्यामुळे त्यांचा शब्द सहज मोडवत नाही. पण मॅन्युअलमध्ये त्याहून पातळ ५डब्ल्यू-२० लिहिलंय आणि सोबत फोर्डचं स्वतःचं मानक, डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी. नाना पेठेत विचारलं तर दुकानदार ५डब्ल्यू-३० चा डबा पुढे करतात. ५डब्ल्यू-२० मागवावं लागेल म्हणतात.

तर काकांचं ऐकू की मॅन्युअलचं? ५डब्ल्यू-३० हा मधला मार्ग चालेल का? आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः ऑइल बदलणं कितपत जमेल? हे इंजिन मला मनापासून टिकवायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मॅन्युअलचंच ऐका. इतर बऱ्याच गाड्यांमध्ये ग्रेड थोडी इकडेतिकडे झाली तर निभावून जातं, या इंजिनात मी तो धोका पत्करणार नाही. कारण तुमचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा, ऑइलमध्ये भिजलेला असतो. नेहमीच्या इंजिनात बेल्ट बाहेर कोरडा फिरतो, इथे तो आत तेलातच फिरतो, आणि ऑइल पंपही तशाच एका बेल्टवर चालतो. त्या रबराला कोणतं तेल सोसतं ते तपासूनच ९४८-बी हे मानक ठरवलंय. भलतंच ऑइल पडलं, किंवा बरोबर असलेलं ऑइलही फार दिवस तसंच राहिलं, तर बेल्टच्या कडा मऊ पडून त्याचे तुकडे सुटतात. ते संपमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातल्या, जाळीत जाऊन बसतात. जाळी तुंबली की तेलाचं प्रेशर पडतं आणि टर्बोला तेल मिळेनासं होतं. त्यामुळे डब्यावर ५डब्ल्यू-२० एवढंच बघून थांबू नका, मागच्या बाजूला ९४८-बी छापलंय का ते वाचा. ५डब्ल्यू-३० बद्दलही माझं उत्तर हेच, मॅन्युअलचंच ऐका.

काकांचा उन्हाळ्याचा मुद्दा जुन्या इंजिनांच्या अनुभवातून आलाय, पण इथे तो लागू पडत नाही. बाहेर दहा अंश असोत की चाळीस, इंजिन तापलं की थर्मोस्टॅट कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. ग्रेडमधला शेवटचा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा असतो: २० ग्रेडचं तेल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक), ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३. कंपनीने पातळ तेल धरून केलेल्या इंजिनात एवढं घट्ट तेल फिरवायचं कशासाठी? सकाळी गार इंजिन सुरू करताना तर ते टर्बोपर्यंत पोचायलाही वेळ लावेल.

स्वतः बदलणं अवघड नाही. इंजिन कोमट असताना, सपाट जागेवर करा. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच. ड्रेन नटचा (जुनं तेल सोडायच्या नटचा) वॉशर नवा घाला, फिल्टरच्या रबरी रिंगला नव्या तेलाचं बोट फिरवा आणि फिल्टर हातानेच आवळा. तेल चार लिटरच्या आसपास लागतं, पण सगळं एकदम ओतू नका. थोडं राखून ठेवा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून तेल खाली उतरू द्या आणि मग डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघत भरा.

जुनं तेल कृपा करून गटारात सोडू नका. वापरलेलं ऑइल नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, आणि आपल्या गटारातून ते थेट मुळा-मुठेत जातं. कॅनमध्ये भरून रीतसर गोळा करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर घालतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटरचा आकडा फसवा असतो. गाडी जागेवर उभी, इंजिन मात्र चालूच. हे थेट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, टर्बो इंजिन आहे, छोट्या फेऱ्यांत थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं आणि ते बेल्टला मानवत नाही. डिपस्टिक हुंगून बघा, पेट्रोलचा वास ठळक आला तर वाट न बघता ऑइल बदला. ऑइल बदलायला मी तर ५,००० किमी किंवा सहा महिने, जे आधी होईल ते, असंच धरेन.

आणि बेल्टचं वय? युरोपात १० वर्षं किंवा २,४०,००० किमी अशी मर्यादा दिलेली होती. तुमची गाडी २०१४ ची, म्हणजे किलोमीटर कितीही असोत, वर्षं भरली. बेल्ट बदलायचं काम लॉकिंग टूलशिवाय (बेल्ट काढल्यावर इंजिनाचे फिरते भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या अवजाराशिवाय) करायला कुणाला देऊ नका, टायमिंग हुकलं तर इंजिन गेलं. बेल्ट बदलताना संप उतरवून जाळीही साफ करून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बेल्ट तेलात फिरतो हे काकांना जाऊन सांगितलं. त्यांनी मॅन्युअलचं पान मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मग तू म्हणतोस तेच टाकू." ९४८-बी छापलेलं ऑइल मागवलंय, आलं की फिल्टरसकट बदलतो.

आता बेल्टचं बघायला हवं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून या इंजिनाचे सवयीचे हात कमीच दिसतात. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी १.० इकोबूस्टचा बेल्ट बदलून घेतला असेल, तर लॉकिंग टूल कुणाकडे होतं, ऑइल पंपाचा बेल्टही सोबत बदलला का आणि एकूण खर्च किती आला, एवढं इथे लिहाल का?