प्राचीन हिमचादरी आणि मॉडेलांची कसोटी

आजच्या हवामानावर बेतलेल्या संगणकीय हवामान-मॉडेलांवर प्राचीन हिमचादरींबाबत (जमिनीवर पसरलेल्या बर्फाच्या प्रचंड जाड थरांबाबत) विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते भूतकाळ हीच त्यांची खरी परीक्षा आहे. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेवर लॉरेन्टाइड हिमचादर पसरली होती आणि समुद्रपातळी सुमारे १२० मीटर खाली होती, म्हणजे आपल्या ठाण्याच्या खाडीत तेव्हा भरती येतच नव्हती. मॉडेल अडखळते ते हिमचादरीच्या कडेला: मॉडेल ज्या चौकटींत पृथ्वीचा पृष्ठभाग विभागून गणित करते, त्या शंभर किलोमीटरच्या चौकटीत तिथला तीव्र उतार सपाट होतो, उंची कमी भरली की उन्हाळ्यातले तापमान वाढते, बर्फ अधिक वितळतो आणि उंची आणखी घटते. म्हणून बर्फाचे गणित बारीक चौकटींवर सोडवून उंचीनुसार तापमान दुरुस्त करतात. मिळालेली कड हिमोढांच्या (बर्फाने ढकलत आणून कडेला सोडलेल्या दगडमातीच्या ढिगांच्या) जागांशी ताडून पाहता येते.