पायऱ्या आणि दिवे लावले की गुहा 'खोटी' होते?

कपारीत_अडकलेला: डोंगरातल्या गावाजवळची, तिकीट काढून बघायची एक गुहा. तिच्यावरच्या धाग्यात कुणीतरी ठणकावून लिहिलंय, "पायऱ्या, रेलिंग, दिवे! असली गुहा बघणं म्हणजे पिंजऱ्यातला वाघ बघणं. दम असेल तर डोक्याला बत्ती लावून सरपटत जा." प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा काढतोय. अहो, सगळेच सरपटायला लागले तर आत उरेल काय? लवणस्तंभ, म्हणजे ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याचा थर साचून बनलेला खांब, हजार वर्षांत दहा सेंटिमीटर वाढला तरी खूप. हाताचा तेलकटपणा लागला की त्या जागी नवा थर नीट धरत नाही. रेलिंग आहे म्हणून तो वाचलाय. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत १८७२पासून रूळ आहेत, १८८४पासून वीज. लोक तिथे जातात, म्हणून आसपासच्या गुहांना उसंत मिळते.

सरपट्या: 'कुणीतरी' काय, मीच तो. वाघ मागे घेणार नाही. दिवा लागला की भोवती हिरवं शेवाळ धरतं. त्यात भर माणसांच्या उच्छ्वासांची. फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा १९४८ साली लोकांना खुली केली आणि १९६३ला बंद करावी लागली. ती सरपटणाऱ्यांनी नाही, तिकीट काढून आलेल्यांनीच नासवली.

गुडघे_बदललेली: तुमचे गुडघे शाबूत आहेत, छान. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, माझा हात धरून पायऱ्या उतरल्या. तळाशी गाईडने दिवे मालवले. नाकासमोर धरलेला हात दिसेना. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, माझे डोळे उघडेच आहेत ना?" हे त्यांनी बघूच नये की काय?

चष्मिष्ट: तुमचा गाईड निदान दिवे मालवून गप्प तरी बसला. आमचा सगळा वेळ दगडांचे आकार दाखवत 'हा बघा हत्ती, ही गाय, हा गणपती'. हे पाणी येतं कुठून, असं विचारलं तर म्हणे 'वरून'!

गुडघे_बदललेली: सासूबाईंनी त्या गणपतीला हात जोडले. तुमचं काय गेलं?

चष्मिष्ट: पैसे गेले. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी विरघळवतं, छताला थेंब लोंबला की वायू निसटतो आणि कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज, मागे राहतं. झालं सांगून! त्याच्या हत्तीला याहून जास्त वेळ लागला.

वरच्या_वाडीचा: मी हे काम केलंय, म्हणून बोलतो. 'कॅल्साइट' म्हटलं की पोरं रडकुंडीला, आईबाप मोबाईलमध्ये. 'हत्ती' म्हटलं की सगळ्यांच्या माना वर. शहाण्यांनी एकदा चाळीस जणांचा घोळका सांभाळून दाखवावा.

चष्मिष्ट: माना वर आणि हातही वर! त्या हत्तीची सोंड काळीकुट्ट झालीये हात लावून लावून. ज्याला नाव नाही त्या शेजारच्या खांबाला कुणी बोट लावलं नव्हतं.

वरच्या_वाडीचा: हात लावू देणारा गाईड नालायक. त्यावरून सगळ्यांना झोडपू नका.

सरपट्या: हत्ती-गणपती आटोपले असतील तर लास्कोचं बोलू या? आणि कपड्यांचे तंतू, केस? अमेरिकेत कार्ल्सबाडच्या गुहेत ते वेचायला स्वयंसेवक लागतात.

कपारीत_अडकलेला: लास्कोत चित्रं होती, तिचा न्याय सगळ्यांना कसा लावता? आणि सरपटणाऱ्याच्या कपड्यांचे तंतू झडत नाहीत वाटतं? बरं, लाल-जांभळे दिवे मलाही नकोत. साधे एलईडी लावा, माणसं पुढे गेली की मालवा, दिवसाला मोजकीच आत सोडा. झालं समाधान?

सरपट्या: 'मोजकीच' हे मी म्हटलं असतं तर मला माजोरडा ठरवलं असतंत. आता घ्या स्वतःच्या नावावर. दिव्यांपुरतं सहमत. वाघ कायम.

गुडघे_बदललेली: त्या मोजक्यांत सासूबाई धरल्यात का, तेवढं सांगा.

चष्मिष्ट: धरा, धरा. फक्त गणपतीपाशी रांग लावू नका म्हणावं.

वरच्या_वाडीचा: परत गणपती? तुम्हाला कॅल्साइट हवं होतं ना?