त्रिशलामातेची स्वप्नं: फलकावर १४ काढायची की १६?

प्रश्न
महावीर जयंतीसाठी त्रिशलामातेच्या, म्हणजे महावीरांच्या आईच्या, गर्भावेळच्या शुभ स्वप्नांचा चित्रफलक करायचा आहे. एका यादीत १४ स्वप्नं आहेत, दुसरीत १६. जास्तीची दोन कोणती? आणि खाली गर्भसंक्रमणाची (महावीरांचा गर्भ देवानंदेच्या उदरातून त्रिशलेच्या उदरात नेल्याची) तिथी आश्विन वद्य १३ लिहिली तर चालेल ना?

प्रतिसाद १
श्वेतांबर परंपरेत १४, दिगंबर परंपरेत १६. पण १४ मध्ये नुसती दोन वाढवून १६ होत नाहीत, फलक नेमके इथेच चुकतात. दिगंबर यादीत ध्वज नाही; मत्स्ययुगुल, सिंहासन आणि नागभवन आहे. एक गेलं, तीन आली. उरलेली १३ दोन्हीकडे सारखी: हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, पुष्पमाला, चंद्र, सूर्य, कलश, पद्मसरोवर, समुद्र, देवविमान, रत्नराशी, निर्धूम अग्नी. कलश मात्र दिगंबर चित्रात दोन, श्वेतांबरात एक. माता दिगंबर ग्रंथांत बहुधा ‘प्रियकारिणी’ नावाने येते, आणि तिथे ती वैशालीच्या चेटकराजाची मुलगी, श्वेतांबरांकडे बहीण. ओळखीच्या मजकुरात हे मिसळू नका.

प्रतिसाद २
चित्रकाराला निर्धूम (धूर नसलेला) शब्द समजावून सांगा. ज्वाळेवर सवयीने धुराची रेघ ओढली की स्वप्नाचा अर्थच जातो. विमान म्हणजे देवांचा प्रासाद, तेव्हा ते शिखरासह काढायला हवं.

प्रतिसाद ३
तिथी तशी लिहू नका! कल्पसूत्रातला (महावीरचरित्र सांगणाऱ्या श्वेतांबर ग्रंथातला) आश्विन कृष्ण १३ पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणाऱ्या, महिन्यातला आहे. आपल्या अमान्त (अमावस्येला महिना संपणाऱ्या) पंचांगात तोच दिवस भाद्रपद वद्य १३ येतो. ताळा करून बघा: देवानंदा ब्राह्मणीच्या उदरी च्यवन (देवलोकातून गर्भात येणं) आषाढ शुद्ध ६ ला. तिथून पौर्णिमेपर्यंत ९ तिथी, पुढचे दोन महिने ६०, वर १३. एकूण ८२, आणि ८२ दिवस सरल्यावरच इंद्राच्या आज्ञेने हरिणैगमेषी देवाने गर्भ त्रिशलेकडे नेला असं सूत्र सांगतं. आपला आश्विन धरलात तर ११२ होतात. दिगंबर फलक असेल तर ही ओळच नको, त्यांना गर्भसंक्रमण मान्य नाही.

प्रश्नकर्ता
फलक श्वेतांबर मंदिरासाठीच आहे. मग पहिलं चित्र सिंहाचं की हत्तीचं?

प्रतिसाद १
हत्तीचं. त्रिशलामातेने प्रथम सिंह पाहिला आणि मरुदेवीमातेने (पहिले तीर्थंकर ऋषभदेवांच्या आईने) बैल, असं टीकाकार सांगतात. पण कल्पसूत्राचा पाठ हत्तीपासूनच सुरू होतो, आणि पर्युषणात जन्मवाचनाला (महावीरजन्माच्या भागाच्या वाचनाला) स्वप्नांच्या प्रतिकृती वरून खाली उतरवतानाही लोकांच्या डोळ्यांसमोर तोच क्रम असतो.