मदत हवी आहे: ग्रोमेट निघून येतात, कोणता नंबर घ्यावा?

मांजराकाठ: ग्रोमेट बसवले, एकाच वाऱ्यात निम्मे निघून आले. मोंढ्यात मागितले तर दुकानदारानं रबराची पुडी पुढं केली. मला ते चकचकीत पाहिजेत. नंबर कोणता, किती लागतील? लवकर सांगा, आभाळ भरून आलंय.

ठिबकवाला: दुकानदाराचं काय चुकलं? आपल्याकडं ग्रोमेट म्हणजे ठिबकचा. सबमेनला, म्हणजे पाणी वाटणाऱ्या जाड पाइपाला भोक, त्यात रबरी ग्रोमेट, त्यात टेकऑफ म्हणजे नळी जोडायचा तुकडा, आणि पुढं 16 मिमीची लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी. निघून येतो म्हणजे ड्रिलचा बिट झिजलाय नाहीतर हात तिरका गेलाय. भोक लांबट झालं की ग्रोमेटची खाच पाइपाची कड धरत नाही. नव्या बिटानं सरळ पाडा, आतला कीस काढा, नाहीतर तोच ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. ग्रोमेट आत जात नसेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस, ऑइल अजिबात नको, रबर फुगून सैल पडतं.

दुधना: वाऱ्यानं ठिबकचा ग्रोमेट निघतो का हो दादा? हा मोटारच्या स्टार्टरच्या पेटीचा मामला दिसतोय. पत्र्याच्या भोकाची धार केबल कापते म्हणून तिथं ग्रोमेट घालतात. पेटी उघड्यावर असेल तर केबल ग्लँडच लावा, म्हणजे केबलीभोवती आवळून बसणारी जोडणी. ग्रोमेट घासणं थांबवतो, पाणी नाही.

ठिबकवाला: आणि पेटीतला वाऱ्यानं निघतो होय?

कडीकोयंडा: "चकचकीत" म्हणालेत ते. ताडपत्रीच्या रिंगा ना?

मांजराकाठ: मग काय! ताडपत्रीच. सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेला ढीग झाकायचाय. ताडपत्री 30 बाय 24 फूट, प्लास्टिकची.

कडीकोयंडा: हे आधी सांगायचं ना. दुकानात "ताडपत्रीच्या रिंगा" म्हणा. आयलेट देतील, ते घेऊ नका. आयलेट एकाच तुकड्याचं, त्याची मान, म्हणजे भोकातून जाणारी नळी, मागं उलटून बसते. ग्रोमेटला दोन तुकडे, मानेची रिंग आणि मागून वॉशर. नंबर कंपनीगणिक बदलतो, म्हणून आतलं भोक मिमीत सांगा, 12 चालेल. पितळी घ्या, लोखंडी गंजते. तीन फुटाला एक धरली तर चारी बाजूंना मिळून 36, ठोकताना चार-पाच वाया जातातच.
निघालेली एक हातात घेऊन बघा. रिंग आणि वॉशर सुटे झालेत, का जोडी तशीच आहे? भोक कशानं पाडलं होतं?

मांजराकाठ: जोडी तशीच, भोवती दोरे लोंबतायत. भोक कात्रीनं, अधिकच्या चिन्हासारखं. काठापासून बोटभर आत.

कडीकोयंडा: मग नंबर बदलून काही होत नाही. सुटे झाले असते तर ठोकण्यात चूक होती. इथं ताडपत्रीच फाटलीय. कात्रीच्या कापाची टोकं रिंगेच्या बाहेर गेली, तिथून विणीचे दोरे सरकले. पोकळ पंच घ्या, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, भोक मानेपेक्षा किंचित लहानच पाडा, म्हणजे ताडपत्री मानेवर ताणून चढते. काठ दुमडून आत सुतळी घाला आणि दोन पदरांतून भोक पाडा. वॉशरचा फुगीर भाग वर, मग डायवर, म्हणजे रिंग बसवायच्या साच्यावर, दोन-तीन सरळ ठोके. जास्त ठोकलं की मान चिरते आणि तीच धार पुढं दोरी कापते.

दुधना: पंच कशाला, सळई तापवून भोक पाडा. दोरे वितळून बंद होतात.

कडीकोयंडा: बंद होतात, पण सळई जास्त तापली तर कड कडक होऊन तिथंच तडकते.

बालाघाट: झाकण्याआधी सोयाबीन वाळलंय का? ओलं झाकलं तर आत घाम सुटतो, बुरशी धरते. हमीभावाच्या खरेदीला ओलावा एरवी 12 टक्क्यांपर्यंतच धरतात.

मांजराकाठ: वाळलंय हो! ढग डोक्यावर आहेत आणि डाय गावात कुणाकडं नाही.

कडीकोयंडा: मग आज रिंगाच नको. फाटलेल्या भोकाच्या वीतभर आत, लिंबाएवढा गोल गोटा ताडपत्रीच्या खालून धरा, वरून त्याच्या गळ्याला दोरीचा फास आवळा. अणकुचीदार खडा नको. दोरी आणि खुंटीच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा, वाऱ्याचा हिसका तो खातो.

मांजराकाठ: आठ गोटे बांधले. धरतंय. ट्यूब तीनच मिळाल्या.

कडीकोयंडा: त्या तीन वाऱ्याच्या बाजूला लावा.

ठिबकवाला: रबराची पुडी घेतली असेल तर परत करू नका, हरभऱ्याला लागेल.