सोयाबीनवर बुरशीची पावडर मारली, अळी मेलीच नाही. माल नकली हाये का?

वावरवाला (दारव्हा):
राम राम भाऊ लोकहो. तीन एकर सोयाबीन हाये, उंटअळी अन् तंबाखूवाली अळी दोन्ही पडल्या, पानाची पार चाळणी झाली. यंदा म्हटलं जहर मारायचंच नाही, 2017 साली आपल्या यवतमाळात फवारता फवारता किती जन गेले, तेव्हापासून घरचे पंप पाठीवर घेऊ देत नाही. म्हणून बिव्हेरिया, म्हंजे अळी मारणाऱ्या बुरशीची पावडर आणली, 15 लिटरच्या पंपाले 60 ग्रॅम. दुकानदारानं पानावरच्या ठिपक्यासाठी बुरशीनाशक बी देल्लं होतं, तेही त्याच पंपात घोळलं, एका मेहनतीत दोन कामं. सकाळी 11 ले सुरू केलं, 2 ले उरकलं. आज तिसरा दिवस, अळ्या मस्त चरून रायल्या अन् शेजारचा काका धुऱ्यावर उभा राहून हासते. पैसे गेले का?

अकोल्याचा पाटील:
अरे भाऊ, बुरशी अन् बुरशी मारायची दवाई एकाच टाकीत! मंग वाचन काय तिच्यात? बिव्हेरिया जिवंत असते. अळीच्या पोटात जा लागत नाही, अंगावर बीजाणू पडला अन् ओल भेटली की तिथंच रुजते, कातडी भेदून आत शिरते, आतून खाते. याले वेळ लागते, पाच-सात दिवस धरून चाल, तिसऱ्या दिवशी तर नुसती सुस्त होते. अन् दुपारच्या उन्हात मारलं म्हणजे उरलंसुरलं बी गेलं. आता निदान आठ दिवस थांब, पंप चांगला धुजो, मंग चार वाजल्यावर, जमिनीत ओल असताना, पानाच्या खालून मारजो. तोवर 5 टक्के निंबोळी अर्क मार अन् वावरात पक्षी बसायले काड्या रोव.

वर्धेची शेतकरीण:
सोयाबीनच्या तंबाखूवाल्या अळीला नोमुरिया नावाची बुरशी पण चालते, आता तिला मेटारायझियम रिलाई म्हणतात, 10 लिटरला 40 ग्रॅम. मागच्या वर्षी झडीत आमच्याकडे तर न मारताच आली होती. मेलेली अळी पानाला चिकटून राहते, आधी खडूसारखी पांढरी, मग तिच्यावर फिकट हिरवी भुकटी. मी घाबरून तोडून फेकत होती तर सासरे म्हणे राहू दे, तिच्यावरूनच दुसऱ्या अळ्यांना लागण होते.

पराटीवाला:
सगळे गुण गाऊन रायले म्हणून सांगतो, पराटीच्या (कपाशीच्या) गुलाबी बोंडअळीवर याच्या भरवशावर राहू नका, ते बोंडात बसली की बुरशी पोचन कशी. मावा, पांढऱ्या माशीले व्हर्टिसिलियम बुरशी ठीक हाये, जमिनीतल्या हुमणी अळीले मेटारायझियमची दुसरी जात शेणखतात मिसळून जमिनीत. पाऊस उघडला अन् हवा कोरडी पडली तर पैसे वाया, हे मी भोगलंय. मोठ्या अळीवर बी काम हळू, लहान असतानाच मारा लागते. अन् पुडा कुठं ठेवला होता ते सांग आधी, तारीख पाहिली का?

वावरवाला (दारव्हा):
तारीख बरोबर हाये भाऊ, पण उरलेला पुडा टिनाच्या शेडात पडला होता, हात लावला तर गरम! बायकोनं आता माठाजवळ नेऊन ठेवला, जगला असन का देव जाणे, मी नवाच आणतो. पुढच्या आठवड्यात झड लागली तर संध्याकाळी मारतो अन् फोटो टाकतो. काकाले सध्या काहीच सांगत नाही.