रोजची गाडी, घरचा पाना : तुमचे अनुभव सांगा

सर्व्हिसिंगच्या बिलात एसी फिल्टर, वायपर, बॅटरी टर्मिनलची सफाई असल्या ओळी असतातच. यातली बरीच कामं घराखालच्या पार्किंगमध्ये साध्या पान्यांनी होतात असं माझं ठाम मत आहे. आपल्या हातांनी केली की गाडीचा आवाज, वास, गळती हेही लवकर कळायला लागतं. म्हणून सगळ्यांना विचारतोय : गाडी कोणती, घरी काय करता, काय बदललंत, आणि कोणत्या कामाला मेकॅनिककडेच जाता?

सुरुवात मी करतो. पुण्यात आमची वॅगन-आर गुलमोहराखाली उभी असते. एसीला दमट वास यायला लागला की मी डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करतो, दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली सोडतो. मागे काळं झाकण दिसतं, ते काढलं की फिल्टर ड्रॉवरसारखा बाहेर येतो. त्याच्या घड्यांत गुलमोहराची बारीक पानं ओळीने बसलेली असतात. नवा फिल्टर बसवताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण तेवढा पाहायचा. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या कामाला मात्र मी हात लावत नाही.

रत्नागिरीहून

आमच्याकडे गाडीचा खरा शत्रू गंज. पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि खारा वारा तर वर्षभराचा सोबती. मे महिन्याच्या शेवटी मी एक काम न चुकता करतो. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. लाल माती बसून ती बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून खातं, बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दार हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली तर समजावं. माडाच्या झाडूची एक हिराची काडी घ्यायची आणि सगळी भोकं मोकळी करायची. लोखंडी तार नको, आतला रंग खरवडला जातो.

दुसरी जागा वायपरखालची जाळी. बॉनेट उघडून तिथली आंब्या-फणसाची पानं हाताने काढा. तिथला पाण्याचा मार्ग तुंबला तर पाणी थेट पायाशी उतरतं आणि गालिचा पूर्ण पावसाळा ओला राहतो. समुद्रावर जाऊन आलं की गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा पाइप धरायचाच. अंडरबॉडी कोटिंग मी गॅरेजमधून करून घेतो. गाडी उचलून, धुऊन, पूर्ण वाळवून मारलं नाही तर त्या थराखालीच गंज वाढतो.

नागपूरहून

रत्नागिरीचे दादा पाण्याशी झगडतात, आम्ही उन्हाशी. इकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने साफ करतो, कोरडं करून वर व्हॅसलीनचा पातळ हात. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर निगेटिव्ह जोडलेली असल्यास मोठी ठिणगी पडते, म्हणून हा क्रम. हवा सकाळी गार टायरमध्ये तपासायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. स्टेपनी धरून. नायट्रोजनसाठी जादा पैसे मी देत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कोणीही उघडू नका. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं.

सांगलीहून

मी दिव्यांबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे तो जिवाचा प्रश्न आहे. कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. कित्येकांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ती काळी भिंत पन्नास पावलं आधी दिसली तर उपयोग.

माझी जुनी हॅचबॅक. पहिलं काम काचेचं केलं. हेडलाइटचं प्लॅस्टिक पिवळट पडलं होतं. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावला आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला, आधी १००० नंबरचा, मग २०००, मग ३०००. पहिल्या पेपरला दुधासारखं पिवळं पाणी ओघळतं आणि काच आणखीच धुरकट दिसते, तिथे घाबरू नये. शेवटी पॉलिशने चकाकी येते. त्यावर अल्ट्राव्हायोलेटपासून वाचवणारा थर मारायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत परत पिवळी.

दुसरं काम रिलेचं, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं. जुन्या गाड्यांत बल्बचा सगळा करंट स्विचमधून आणि बारीक वायरीतून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज पडतं. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर आणि रिले असलेलं तयार हार्नेस बसवलं. बल्ब कंपनीचाच, एच-४, ६०/५५ वॅट. तरी फरक डोळ्यांना दिसला. १००/९० चा बल्ब बसवू नका. हॅलोजनच्या काचेला उघडं बोटही लावू नका, तेलकट डाग राहतो आणि तिथेच काच तापून बल्ब जातो.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. उजेडाची जागा बदलली की तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि त्या समोरच्यालाही ट्रॉली चुकवायची असते.

डोंबिवलीहून

उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, स्प्रे, सगळं करून झालं. वास उडाला की परत येतात. खालून बारीक तारेची जाळी बसवली तेव्हाच फरक पडला. गाडी एका जागी आठवडाभर ठेवू नका, हाही उपाय आहे.

नाशिकहून

मी शिक्षिका आहे, इंजिनिअर नाही. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा यायचा. मग ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर घेतला, गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा, कोड मोबाइलवर येतो. हजार सीसीची तीन सिलिंडरची गाडी, कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. एका गॅरेजमध्ये तिन्ही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) आणि प्लग बदलायला सांगितले होते. घरी भावाच्या मदतीने, इंजिन गार असताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, चक्कर मारली. आता कोड पी०३०३. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे तीच कॉइल गेलेली. एकच बदलली. कोड आजार सांगतो, पार्ट सांगत नाही. ही अदलाबदल आपणच करायची असते.

न्यू जर्सीहून

ताईंची युक्ती फार आवडली. इथे मजुरी महाग, त्यामुळे कोरोलाचं ऑइल मी ड्राइव्हवेमध्येच बदलतो. पुढची चाकं रॅम्पवर, मागच्या चाकांना अडण. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कधीच जात नाही, तुम्हीही जाऊ नका. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. जुनं ऑइल पार्ट्सच्या दुकानात नेऊन देता येतं, ते घेतात. भारतात गॅरेजवाल्याला द्या, पण गटारात ओतू नका. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून रत्नागिरीच्या दादांसारखंच गाडीचं पोट धुणं मलाही चुकत नाही.

ठाण्याहून

विम्याच्या दाव्यांचं काम करतो. कॅमेरा, म्युझिक सिस्टिम बसवा, पण मूळ वायर कापू न देता तयार कपलरने. सीएनजी किट आरसीवर चढवल्याशिवाय चालवू नका, आणि सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दलच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीची मूळ रचना बदलता येणार नाही असंच सांगितलं. काळी फिल्म २०१२ पासून बंद आहे, बुलबार २०१७ पासून.

मडगावहून

माझी स्विफ्ट १४ इंची चाकांची आहे, टायर १६५/८० आर १४ (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). १५ चे अलॉय घातले तर स्पीडोमीटर चुकेल का?

पिंपरीहून

मडगावच्या ताई, मी टायरच्या दुकानात असतो. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो, तोच घ्या. तुमच्या टायरची उंची साधारण ६२० मिलिमीटर, त्याची ६२१-६२२. स्पीडोमीटरला फरक नाही. त्याहून मोठं चाक नको. स्टिअरिंग जड होतं आणि खड्ड्यात रिम वाकते. अलॉयचे नट वेगळे लागले तर तेही दुकानदाराकडे मागा. आणि बसवायच्या आधी टायरच्या कडेचा चार आकडी नंबर वाचा : २३२४ म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला. जुना माल असेल तर दुसरा काढायला सांगा, दुकानात असतो.